कणसाचं वय आणि आपलं

मक्याचं कणीस कसं करायचं हे चवीवर ठरतं, असा एक गोड गैरसमज आहे. ते ठरतं दातांवर. "कणीस खावं तर भाजलेलंच" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला की मी आधी त्याच्या वयाचा अंदाज घेतो. तो बहुधा चाळिशीच्या आत असतो. "उकडलेलं पचायला हलकं" म्हणणारे पन्नाशी ओलांडलेले असतात आणि पोटाचं नाव पुढे करून दाढेची बाजू सांभाळत असतात. आणि "त्यापेक्षा कीस करू या, सगळ्यांना पुरेल" असं एखाद्या आजी म्हणाल्या, तर त्यात पुरवठ्याचा प्रश्न कितपत आहे हे घरातल्या प्रत्येकाला कळतं. कोणी बोलून दाखवत नाही, इतकंच.

पंचाईत अशी की वय फक्त खाणाऱ्याला नसतं, कणसालाही असतं. आणि दोघांची वयं उलट्या दिशांनी चालतात. आपण वाढतो तसे दात हलायला लागतात; कणीस वाढतं तसा दाणा घट्ट होत जातो. आधी दाण्यात नुसतं गोडसर पाणी, मग दूध, मग त्या दुधाचा लगदा आणि शेवटी खडा. यात दूध धरलेले दिवस थोडेच. म्हणून कणसाच्या सगळ्या पाककृती म्हणजे खरं तर पत्रिका जुळवणं. एका बाजूला कणसाचं वय, दुसऱ्या बाजूला खाणाऱ्याचं, आणि मध्यस्थीला विस्तव, पाणी नाहीतर किसणी.

पत्रिका बघायचं काम मंडईत नखानं होतं. वरची दोन पानं बाजूला सारायची, मधला एखादा दाणा गाठायचा आणि नख रुतवायचं. पांढरं दूध उडालं तर कणीस भाजायच्या वयाचं. नितळ पाणी आलं तर अजून पोर आहे. नखच वळलं, तर ते गिरणीच्या वाटेला लागलेलं. विकणाऱ्या बायकांना ही परीक्षा मुळीच आवडत नाही आणि त्यांचं काही चूक नाही. नख लागलेलं कणीस पुढचं गिऱ्हाईक हातात धरत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींनी त्यावर तोड काढली आहे. ढिगाशेजारी एक कणीस त्या सोलूनच ठेवतात.

"काका, नख याला लावा. बाकीची याचीच भावंडं."

त्या बिचाऱ्याची सकाळपासून चाळण झालेली असते. आणि भावंडं सगळी एकाच स्वभावाची निघाली असती तर कोर्टात वाटणीचे दावे कशाला चालले असते, असं मी मनात म्हणतो आणि पैसे देतो. देता देता केसांवर मात्र नजर टाकून घेतो. बाहेरची टोकं तपकिरी आणि वाळलेली, पण पानांत शिरताना केस ओलसर, असं असलं की सहसा दगा होत नाही.

या केसांचा सगळ्यांना राग. सोलताना बोटांना चिकटतात, कपड्यांवर पसरतात आणि नेमके दोन दातांच्या फटीत जाऊन बसतात. पण ते तिथे उगाच नसतात. एक केस म्हणजे एक दाणा, असा तो हिशोब आहे. प्रत्येक केसाचं आतलं टोक एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेलं असतं. ताटाच्या डोक्यावरच्या तुऱ्यातून पराग वाऱ्यानं खाली येतो, केसाला चिकटतो आणि त्या केसातूनच आतलं फलन होतं. ज्या केसाला पराग भेटला नाही, त्याच्या जागी दाणा भरत नाही. ऐन त्याच दिवसांत कडक ऊन पडलं किंवा पिकाला पाण्याचा ताण बसला की कणसात खिंडारं राहतात. असं बोळक्या तोंडाचं कणीस घरी आलं की मुलं नाक मुरडतात. वडीलधारी मंडळी मात्र ते हातात घेऊन जरा आपुलकीनं न्याहाळतात.

कणसावरच्या ओळी मोजल्यात तर त्या बारा, चौदा, सोळा अशा समच भरतात, कारण मक्याची फुलं जोडीजोडीनं येतात. म्हणजे कणीस मधोमध न मोडता दोघा भावंडांना ओळी वाटून दिल्या तर भांडणाला जागाच नाही, निसर्गानं तशी सोय केलेली आहे. मुलं तरीही भांडतात. निसर्गाच्या सोयीवर समाधान मानणं हे वय झाल्यावर सुचतं.

भाजणं हा तरुणांचा मार्ग. सिंहगडावर, लोणावळ्यात, मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी, जिथे जिथे पाऊस बघायला माणसं जातात तिथे तिथे कोळशाची शेगडी आधीच पोचलेली असते. भाजणाऱ्या बाईंचा एक हात पुठ्ठ्यानं वारा घालतो, दुसरा कणीस फिरवतो, आणि दोन्ही हात चालू असताना त्या तिसऱ्याच गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करतात. दाणे तडतडायला लागतात, कुठेकुठे काळे डाग पडतात, मग लिंबाची अर्धी फोड तिखटमिठात बुडवून ओळींवरून दाबत फिरवली जाते. ती फोड आपल्याआधी कितीजणांच्या कणसांवरून फिरून आली आहे, हा विचार गडावर कोणाला शिवत नाही. घरी तोच माणूस धुतलेलं लिंबू पुन्हा धुऊन घेतो.

हे कणीस देशी वाणाचं, पांढरट दाण्याचं हवं. त्यात गोडी बेताची पण चावायला काम असतं, आणि भाजलेल्या कणसाची निम्मी मजा त्या कामात आहे. घरच्या गॅसवर ते जमत नाही असं नाही. पण ज्वाळा वरूनच चाटून जाते, बाहेर कोळसा आणि आत कच्चं अशी गत होते. शेतातल्या शेकोटीत कणीस पानांसकट निखाऱ्यांत पुरतात ते याचसाठी. बाहेरची पानं जळतात, आतली आपल्याच ओलाव्याची वाफ कोंडून धरतात, आणि दाणा एकाच वेळी भाजतो आणि शिजतो.

भाजलेलं कणीस खायच्याही दोन जाती. एक, सरळ तोंड लावणारे. दुसरे, बोटांनी सोलणारे. ते आधी एक ओळ कष्टानं मोकळी करतात, मग शेजारच्या ओळीला अंगठा लावून तिला त्या रिकाम्या जागेत आडवी पाडतात. दाणे अखंड, मुळासकट हातात येतात. बघायला हे फार सभ्य दिसतं. मला विचाराल तर दातांना वळसा घालून कणीस गाठायचा हा पहिला प्रयत्न. माणूस प्रौढ व्हायला लागला, हे मला तिथे कळतं.

मग येतं उकडणं. देशी कणीस असेल तर कुकर, मीठ, हवी तर चिमूटभर हळद, आणि भरपूर शिट्ट्या. मीठ आधी की नंतर यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. आधी घातलं तर दाणा निबर होतो, असं एका पक्षाचं म्हणणं. नंतर घातलं तर मीठ वरच्या वर राहतं, असं दुसऱ्याचं. या वादात कणीस ठरलेल्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त शिजतं आणि दोन्ही पक्षांना मऊ मिळतं.

स्वीट कॉर्नला एवढं काही लागत नाही. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं पुष्कळ झाली. त्याचा गुण गोडीत आणि खोड घाईत. साध्या गोड मक्याचं कणीस तोडलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उन्हात ठेवलं तर फार भराभर. म्हणून अमेरिकेतल्या मका पिकवणाऱ्या घरांत म्हणतात, की आधी पाणी उकळायला ठेवावं आणि मग शेतात कणीस तोडायला जावं. पुढे १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांना मक्याच्या एका प्रकारात वेगळीच गोडी आढळली. त्याचा दाणा वाळला की आक्रसून सुरकुततो, पण कोवळा असताना तो विलक्षण गोड असतो, कारण साखरेचा स्टार्च व्हायची वाटच त्यात अडलेली असते. आज मिळणाऱ्या अतिगोड कणसांतली पुष्कळशी त्याच घराण्यातली. थोडक्यात, मोठं व्हायचं नाकारणारं कणीस माणसाला सापडलं. कपात भरून, वर लोणी आणि मसाला घालून, चमच्यानं खायचं ते हेच. ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत अशी तरुण मुलं ते चमच्यानं खातात, हे बघून मला जरा हळहळ वाटते.

सोलायचा कंटाळा असलेल्या याच पिढीनं एक युक्ती मात्र झकास काढली आहे. अख्खं कणीस पानांसकट मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटं ठेवायचं, बुडाकडून दोन बोटं कापायचं, आणि शेंडीकडून धरून दाबायचं. कणीस पानांतून सुळकन बाहेर येतं आणि केस जवळजवळ सगळे मागे राहतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी "यात काय मोठंसं" असा चेहरा केला आणि पुढचं कणीस आपल्या हातानं करून पाहिलं.

जून कणीस पदरात पडलं तर त्याचे गोल तुकडे करून रस्सा करावा. कोयता किंवा जड सुरी लागते, कारण आतलं बुरकुंड ऐकत नाही. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, गोडा मसाला, गुळाचा खडा. दाणे शिजून फुगतात, रस बुरकुंडात मुरतो, आणि मग तो चोखून काढावा लागतो. ही भाजी व्याह्यांच्या पंगतीत वाढू नये. चोखण्याचा आवाज न करता ती खाता येत नाही, आणि आवाज करून खाल्ली तर त्या घरी पुढची काही वर्षं तोच विषय निघतो.

सगळ्यात समंजस कृती म्हणजे कीस. इंदूरनं तो नावारूपाला आणला. तिथल्या सराफ्यात रात्री दुकानं मिटली की खाण्याचा बाजार भरतो, तिथे तो मिळतो, आणि इंदूरच्या मराठी घरांतून तो इकडच्या अनेक स्वयंपाकघरांत आला. कणीस किसणीवर उभं धरून किसायचं. दूध आणि गर ताटलीत पडतो, सालं बरीचशी बुरकुंडालाच राहतात, म्हणजे दातांच्या वाट्याचं निम्मं काम किसणीनं उरकलं. तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, मग कीस घालून मंद आचेवर परतत राहायचं. सुरुवातीला तो तळाला धरतो आणि धीर सुटतो. तिथे सोडायचं नाही. कच्चा वास जाऊन तूप सुटायला लागलं की थोडं थोडं दूध घालायचं, झाकण ठेवायचं, शेवटी साखर, लिंबू, कोथिंबीर, खोबरं.

परवा आमच्याकडे या किसानं एक मोठी सोयरीक जमवली. नातीच्या दातांना नुकत्याच तारा बसवल्या आहेत आणि कणीस तोंडानं तोडायला तिला सक्त मनाई आहे. तिच्या पणजीला कवळी आहे. बाकी सगळे गॅलरीत उभं राहून भाजलेली कणसं खात असताना या दोघी आत एकाच वाडग्यातून कीस खात बसल्या.

"पणजी, तुला कधी काढायला सांगितलंय?" नातीनं विचारलं.

"मी रोज रात्री काढते," पणजी म्हणाली. "तुझं काय ते बघ."

खरं तर मक्याचा सगळा इतिहासच दातांच्या सोयीचा आहे. सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोत टिओसिंटे नावाचं एक गवत होतं, अजूनही आहे. त्याच्या कणसात पाच-दहा दाणे, आणि दर दाणा दगडासारख्या कवचात. असं गवत कोणी खाल्लंच कसं असेल, यावर शास्त्रज्ञांचा बराच खल झाला. जॉर्ज बीडल, ज्यांना पुढे १९५८मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी १९३९मध्ये दाखवून दिलं की हे दाणे तापवले तर त्यांची लाही फुटते आणि ती कवचाबाहेर येते. पुढे पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यांनी उघडा, मऊ, मोठा दाणा निवडला आणि कणीस घडवलं. पुरता वाळलेला दाणासुद्धा त्यांनी सोडला नाही. तो चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवला की साल सुटते, दाणा वाटता येतो आणि त्याच्या तोर्तिया लाटता येतात. मका युरोपात गेला तो चुन्याची ही रीत मागे ठेवून. मग मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा जडला, कारण चुन्यानं मोकळं होणारं नायसिन त्यांना मिळेना. दातांची सोय बघता बघता मेक्सिकोतल्या बायकांनी प्रकृतीचीही सोय करून ठेवली होती.

या साऱ्या परंपरेचा आदर करून मी सध्या उकडलेल्यावर आलो आहे. किसाला अजून अवकाश आहे, असं माझं मत. गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी उजवीकडची दाढ ठोकून पाहिली आणि सुपारी, चिक्की, कडक लाडू बंद म्हणून सांगितलं. कणसाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही विचारलं नाही.