सामानाला नियम, माणसाला शंका

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आई-वडील पहिल्यांदाच निघाले की घरात दोन गोष्टी भरायला लागतात. एक बॅग आणि एक फाइल. बॅगेत काय चालतं आणि काय नाही, हे युरोपियन युनियनने पांढऱ्यावर काळं करून ठेवलंय. फाइलीत नेमकं काय असलं म्हणजे व्हिसा मिळतो, हे मात्र कुणी सांगत नाही. माझं भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

आधी बॅग. घरी कढवलेलं तूप नाही. पेढे, खवा, पनीर नाही. मांस नाही. गुराढोरांचे रोग अशा पदार्थांतून पसरू शकतात म्हणून ही बंदी, आणि त्यांची भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२५मध्ये बर्लिनला लागून असलेल्या ब्रांडेनबुर्ग राज्यात म्हशींच्या एका कळपात लाळ्या-खुरकूत निघाला, जर्मनीत १९८८नंतर पहिल्यांदाच. तेव्हा ‘एवढंसं तूप कोण बघतंय’ म्हणत डबा साड्यांच्या घडीत दडवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. कस्टमवाले बघतात आणि डबा काढून घेतात. कढीपत्त्याची जुडीसुद्धा रोपांच्या आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय आत जात नाही. ताज्या फळांत अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांनाच सूट आहे. म्हणजे नारळ न्या, हापूस नको. सुके बोंबील मात्र बिनधास्त न्या, मासळीला माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे. विमानाने येणाऱ्याला ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर कर नाही. रोकड १० हजार युरो किंवा त्याहून जास्त असेल तर जाहीर करायची. हे सगळं पटो न पटो, कळतं तरी.

त्याच हापूसचं बघा. २०१३मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि तशीच कीड सापडली. १ मे २०१४पासून त्यांनी आपला आंबा आणि वांगी, कारली, पडवळ, अळू या चार भाज्या बंद केल्या. ऐन हंगामात कोकणातल्या बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पण दोष कुठला, हे त्यांनी नाव घेऊन सांगितलं होतं. आपण निर्यातीआधीची तपासणी सुधारली आणि जानेवारी २०१५मध्ये आंब्यावरची बंदी उठली. आंब्याला त्याचा दोष कळला आणि तो दूर करायची संधीही मिळाली.

आता माणूस. व्हिसाची फी जून २०२४पासून ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. मुलाने तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन २९ युरो भरून हमीपत्र करायचं, त्यात आई-वडिलांच्या राहण्या-खाण्यापासून दवाखान्यापर्यंतचा सगळा खर्च त्याच्या अंगावर. इकडे फाइलीत पेन्शनचा कागद, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, मुदत ठेवींच्या पावत्या, घराची कर पावती, गावाकडे जमीन असली तर सातबाराही. परत येण्याची कारणं कागदावर दाखवायची म्हटली तर पासष्टीच्या बाईकडे याहून जास्त काय असणार?

आणि नकार येतो तो एका छापील फॉर्मवर. सगळ्या शेंगेन देशांचा तो एकच. कारणांची यादी आधीच छापलेली, त्यातल्या एका चौकोनात खूण. ‘मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याविषयी वाजवी शंका आहे’ अशा अर्थाची ओळ त्या यादीत असते. कुठला कागद कमी पडला? पेन्शन थोडी वाटली, की घर मुलाच्या नावावर आहे म्हणून? त्या खुणेवरून काही कळत नाही. पुढच्या अर्जात काय सुधारायचं, तेही नाही.

पूर्वी एक वाट होती. जर्मन दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा, फुकट, साध्या पत्राने. १ जुलै २०२५पासून ती सोय जगभर बंद झाली. त्यात गुंतलेली माणसं नव्या अर्जांकडे वळवता येतात, असं सरकारचं म्हणणं. रांग कमी होत असेल, मान्य. पण आता उरलं काय, तर पुन्हा ९० युरो भरा नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. नातवाला बघायला निघालेल्या आजीने बर्लिनमध्ये वकील शोधायचा?

जे एकदा आत जाऊन वेळेत परतले त्यांचं सोपं झालंय, हे सांगायला हवं. एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी नियम सैल आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा. अडतं ते पहिल्या दाराशी, जिथे कोऱ्या पासपोर्टवर शंका घेणं सगळ्यात सोपं आहे.

आणि आता तर अंदाजाने शंका घ्यायची गरजही उरत नाही. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर यंत्राने नोंद सुरू झाली आहे. कोण कधी आत आलं, कधी बाहेर पडलं, १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा कुणी मोडली, सगळं त्यात दिसणार. मग मुलांना भेटायला आलेल्या आई-वडिलांपैकी किती जण खरोखर मागे राहिले, तो आकडा जाहीर करा. शंका त्यावर घ्या.

मुलगा मात्र त्यांना हवा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिशांची वर्षाची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. करताना जोरात जाहिरात झाली. जो मुलगा त्यांच्या दवाखान्यात, कारखान्यात उभा राहतो, कर भरतो, आईसाठी हमीपत्रावर सही करतो, त्याच्या सहीची किंमत एका खुणेने शून्य होते.

म्हणून मागणी दोन्ही सरकारांकडे आहे. रक्ताच्या नात्यातल्या भेटीचा अर्ज नाकारलात तर कमी पडलेल्या कागदाचं नाव लिहून द्या, आणि निदान या अर्जांसाठी फेरविचाराची सोय परत आणा. मुंबईत मंत्रालयात बसून दहा हजार मुलांची बोलणी करणाऱ्यांनी पुढच्या बैठकीला जाताना त्यांच्या आई-वडिलांच्या व्हिशाचा विषयही कार्यपत्रिकेवर घ्यावा.