बिनतारी ॲक्सेस पॉइंटची प्रतिष्ठापना व दोषनिवारण : सोलापूर शहरासाठी

ॲक्सेस पॉइंट हे तारेतून आलेले इंटरनेट रेडिओलहरींवर चढवून घरभर पोहोचवणारे उपकरण होय. राउटर वेगळा. तो घरातल्या प्रत्येक फोनला आणि टीव्हीला पत्ता नेमून देतो व बाहेरच्या जगाशी व्यवहार सांभाळतो. ॲक्सेस पॉइंटकडे हवेतली ने-आण एवढेच काम असते. फायबरमधल्या प्रकाशाचे विजेच्या संदेशांत रूपांतर करणारे यंत्र तिसरे. बहुतेक घरांत ही तिन्ही एकाच पांढऱ्या डबीत कोंबलेली असतात आणि त्या डबीला सगळे ‘वायफाय’ म्हणतात. शास्त्रीयदृष्ट्या हे चूक आहे. तरी बिघाड कळवताना हाच शब्द वापरावा. ‘ॲक्सेस पॉइंट बंद पडलाय’ असे ऐकले की केबलवाला आधी गोंधळतो आणि मग येत नाही.

दुसऱ्या डबीची गरज पडते की नाही, हे घराच्या लांबीवरून ठरते. शहराच्या पूर्व भागात, साखर पेठेच्या आसपास, विणकर कुटुंबांच्या अनेक घरांची रचना ठरलेली : पुढे रस्त्याला लागून बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे पत्र्याच्या छपराखाली यंत्रमागांचा कारखाना. फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते आणि वायरमनला शिडी एकदाच लावायची असते. त्यामुळे डबी पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी बसते. परिणामी घरातली सर्वांत चांगली रेंज रस्त्यावर मिळते. समोरच्या कट्ट्यावरची मुले रात्री अकरापर्यंत तिथेच का बसतात, या प्रश्नाचे उत्तर समाजशास्त्रात शोधू नये. कारखान्यात माल दाखवण्यासाठी व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला की मात्र चादरीवरचा मोर चौकोनी दिसू लागतो. अशा घराला मागच्या बाजूस स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट हवा.

त्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. भिंतीला खिळा ठोकण्याची परवानगी ही बाब वेगळी. ती घरमालकाच्या किंवा आजींच्या अखत्यारीत येते आणि रंगकामाला वर्ष झाले नसेल तर मिळत नाही.

जागेची निवड हा या विद्येतला सर्वांत मोठा अध्याय आहे, कारण येथे पदार्थविज्ञान आणि गृहव्यवस्था यांचे मतभेद टोकाला जातात. विज्ञानाचे म्हणणे थोडक्यात असे : उपकरण घराच्या मध्यावर, डोक्यापेक्षा उंच, मोकळ्या जागी असावे. गृहव्यवस्थेचे म्हणणे त्याहून थोडक्यात असे : जिथे प्लग आहे तिथे. म्हणून डबी टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा शोकेसमध्ये बाहुल्यांच्या रांगेत आढळते. यांपैकी कपाट सर्वांत घातक. धातूचा पत्रा लहरी परतवून लावतो आणि कपाटाच्या पलीकडे अंधार पडतो. आरसा तेच करतो, कारण त्याच्या काचेमागे धातूचा लेप असतो. काँक्रीटच्या स्लॅबमधल्या सळ्याही अडथळा करतात. गच्चीवर झोपणाऱ्यांना उन्हाळ्यात नेट न मिळण्याचे कारण हेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो, २.४ संथ असला तरी लांबवर जातो.

धातूनंतर पाणी. सोलापूरला उजनी धरणाचे पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येते, आणि ते आले की घरात पिंप, बॅरल, घागरी, पातेली, झाकण असलेले आणि नसलेले प्रत्येक भांडे भरले जाते. पाणी या लहरी शोषून घेते. मायक्रोवेव्ह शेगडी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते आणि अन्नातल्या पाण्याला ऊर्जा देऊनच ते तापवते. वायफायची ताकद तिच्या तुलनेत नगण्य असल्याने पिंपातले पाणी कोमट होत नाही, पण त्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाची रेंज जाते. दोनशे लिटरची तीन पिंपे राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्या मध्ये ओळीने उभी असतील, तर त्या खोलीतले इंटरनेट पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकानुसार चालते : पाणी सुटले त्या संध्याकाळी सर्वांत मंद, पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी सर्वांत चपळ. ऑनलाइन परीक्षा असल्यास फॉर्म भरताना हे ध्यानात घ्यावे. पिंपे हलवणे हा दुसरा उपाय आहे. तो सुचवणाऱ्यालाच ती उचलावी लागतात.

माणसाचे शरीरही बहुतांशी पाणीच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले आणि बैठकीच्या खोलीत बारा-पंधरा जण दाटीने बसले, की मागच्या खोल्यांत संदेश क्षीण होतो. शिवाय त्या प्रत्येकाकडे फोन असतो आणि पाणी पिऊन झाल्यावरचा त्याचा पहिला प्रश्न पासवर्डचा असतो. म्हणजे शोषण आणि वापर, दोन्ही एकदम वाढतात. यावर तांत्रिक उपाय आहे, पण तो आतिथ्यात बसत नाही.

कोरड्या सुती कापडाचा लहरींना फारसा अडथळा होत नाही. त्यामुळे डबीवर क्रोशाचा रुमाल घातला किंवा सोलापुरी चादरीची घडी ठेवली, तर रेंज टिकते. उष्णता मात्र कोंडते. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापूरचा मे महिना हा आकडा सहज ओलांडतो. म्हणजे झाकण नसतानाही हे उपकरण कित्येक दुपारी आपल्या हद्दीबाहेर काम करत असते. त्यात चादर घातल्यास ते आधी मंद होते, मग आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होते, आणि घरातले सगळे कंपनीला बोलतात. डबीला धुळीपासून वाचवायचे असेल तर ती पुसावी. देवघरातला कोनाडाही टाळावा; तिथे उंची चांगली मिळते, पण समईची काजळी जाळीच्या भोकांवर बसते.

कारखान्यात बसवायच्या ॲक्सेस पॉइंटबद्दल एक गैरसमज रूढ आहे : माग सुरू झाले की मोटारींमुळे वायफाय जाते. मोटारींचा विद्युत-गोंगाट मुख्यतः फार खालच्या कंप्रतेचा असतो, आणि २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा सेंटिमीटरची लहर त्याकडे सहसा लक्ष देत नाही. दोष मागाचाच असतो, फक्त मार्ग वेगळा. त्याच्या धक्क्यांनी अडॅप्टर सॉकेटमधून रोज केसभर सरकतो आणि एक दिवस सुटतो. उडणारे सुताचे तंतू डबीच्या जाळीत शिरून आत गादी तयार करतात. मागांचा लोखंडी सांगाडा आणि वरचा पत्रा मिळून अशी पेटी बनते, की बाहेरची लहर आत नीट येत नाही आणि आतली बाहेर नीट जात नाही. म्हणून ही डबी कारखान्याच्या दाराबाहेर लावून चालत नाही; ती आतच, मागांपेक्षा उंच, पण थेट पत्र्याला न चिकटवता लावावी. प्लग घट्ट बसणारा निवडावा आणि महिन्यातून एकदा ब्रश फिरवावा.

जोडणीची कृती पुढीलप्रमाणे. कपाटात पडून असलेला जुना राउटर या कामी चालतो. तो आधी एकटाच संगणकाला तारेने जोडून त्याचे सेटिंगचे पान उघडावे; पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. पानावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडावा आणि सेटिंगचे काम संपले. नसेल तर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात. पहिली, त्याचा स्वतःचा पत्ता बदलणे. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि मुख्य राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला वाटणार नाही याची खात्री करावी. दुसरी, डीएचसीपी बंद करणे. डीएचसीपी हे फोनांना पत्ते वाटण्याचे काम आहे आणि ते घरात एकानेच करायचे असते. दोघे वाटू लागले तर काही फोनांना इंटरनेट मिळते, काहींना मिळत नाही, आणि कुणाला मिळते ते रोज बदलते. याचे कारण सापडेपर्यंत घरात एकमेकांवरचा विश्वास उडालेला असतो. मग मुख्य राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकातून निघालेली तार दुसऱ्याच्या लॅन भोकातच घालावी. वेगळ्या रंगाचे वॅन भोक रिकामे सोडावे. ते रिकामे पाहून कुणाला तरी राहवत नाही, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणे श्रेयस्कर. तार १०० मीटरपर्यंत चालते. मागाच्या विजेच्या वायरींसोबत एकाच पट्टीतून ती नेऊ नये.

तार ओढण्याचा कंटाळा करणारे रिपीटर आणतात. रिपीटर ऐकलेले पुन्हा बोलतो, आणि एकाच रेडिओवर दोन्ही कामे केल्याने वेग सुमारे निम्मा होतो. त्याहून मोठी अडचण अशी, की तो नेमका रेंज नसलेल्या कोपऱ्यात लावला जातो. तिथे त्याला ऐकू येत नाही. तो इमानदारीने शांतता पुढे पाठवतो.

नेटवर्कचे नाव ३२ बाइटांत बसावे लागते. रोमन लिपीतले अक्षर एक बाइट खाते, देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि हलन्त तीन. या हिशेबाने ‘सिद्धेश्वर’ ३० बाइटांत बसते आणि दोन उरतात. ‘जुळे सोलापूर’ ३४ होते. तिथल्या रहिवाशांना दोन बाइट कमी पडतात. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. प्रचलित पासवर्ड म्हणजे घरातल्या धाकट्याचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो गल्लीत आधीच माहीत असतो. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुने डब्ल्यूईपी फोडायला आता मिनिटे पुरतात. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवता येते. ते मंद ठेवण्याची सोयही असते. कोणत्या नातेवाइकाला कोणते नेटवर्क द्यायचे, याची नोंद लेखी ठेवू नये.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीत तिन्हींवर शेजारी बसलेले असतात. तरी काम चालते, कारण प्रत्येक उपकरण बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकते आणि नसेल तर यदृच्छेने ठरवलेला क्षणभराचा अवकाश थांबते. सार्वजनिक नळावर घागरी घेऊन उभ्या माणसांनी हा नियम पाळला असता तर पोलिसांचे काम हलके झाले असते. भारतात १२ आणि १३ ही चॅनेलही चालतात आणि गर्दी टाळण्यासाठी ती मोहक वाटतात. तथापि अमेरिकेहून आलेल्या पुतण्याच्या फोनला ती बहुधा दिसत नाहीत. घरात वायफाय आहे हे त्याला पटत नाही आणि तो दोन आठवडे तिथले किस्से सांगत बसतो. ज्यांना हे किस्से नको असतील त्यांनी १ वर यावे. ज्यांना त्याने फोन बाजूला ठेवून गप्पा माराव्यात असे वाटते त्यांनी १३ वर राहावे.

दोषनिवारणाची पारंपरिक सुरुवात आतल्या खोलीतून होते : ‘नेट गेलं का बे?’ ही चाचणी निरुपयोगी नाही. उत्तर ‘माझं चालू आहे’ असे आल्यास दोष विचारणाऱ्याच्या फोनमध्ये किंवा त्याच्या खोलीतल्या रेंजमध्ये आहे. सर्वांचे गेले असल्यास राउटरचे पान उघडून पाहावे. ते उघडले तर वायफाय ठीक आहे आणि इंटरनेट गेले आहे, हा भेद घरात एकदा समजावून सांगावा. दुसऱ्यांदा सांगू नये.

बंद करून चालू करणे ही सर्वमान्य क्रिया आहे आणि तिच्यामागे शास्त्र आहे : भरलेली स्मृती रिकामी होते, पत्ते नव्याने वाटले जातात, चॅनेल पुन्हा निवडले जाते, डबीला दम खायला मिळतो. मात्र अर्धा मिनिट थांबून, आधी फायबरची डबी (वेगळी असल्यास), मग राउटर, शेवटी कारखान्यातली, हा क्रम पाळावा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल तर क्रिया कितीही वेळा केली तरी फायदा नाही. बहुधा बाहेर तार तुटली आहे. फायबर तुटण्यासाठी तुटावीच लागते असे नाही. तिला तीव्र वळण दिले की प्रकाश काचेतून बाहेर गळतो. सोफा भिंतीला सरकवल्यावर नेट गेले असेल तर सोफा पुढे ओढावा. खांबावरच्या तारेला मंडपाचे बांबू आणि उंच भरलेले ट्रक हे नैसर्गिक शत्रू. अशा वेळी केबलवाल्याला फोन करावा. तो ‘आलोच’ म्हणतो. या अवधीचे प्रमाण कोणत्याही संदर्भग्रंथात दिलेले नाही.

वीज गेल्यावर बारा व्होल्टच्या राउटरसाठी तेवढ्याच व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. रस्त्यावरच्या फायबर विभाजकांना वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडच्या केंद्राला वीज असल्यास अख्खी गल्ली अंधारात असतानाही नेट चालते. केबलवाल्याने मध्ये कुठे विजेवर चालणारी पेटी बसवली असेल तर चालत नाही. आणि ती बहुधा कुणाच्या तरी जिन्याखाली असते.

सगळे तपासून झाल्यावर महिन्याचा रिचार्ज संपला आहे का ते पाहावे. खरे तर हे सर्वांत आधी पाहायचे असते, पण त्याची सूचना घरातल्या अशा फोन नंबरवर येते जो कुणी वापरत नाही.

राउटरमागच्या बारीक भोकात काडी घालून दहा सेकंद दाबल्यास सर्व मांडणी पुसली जाते, केबलवाल्याने भरलेले खात्याचे नाव आणि पासवर्डसह. ते लिहून घेतल्याशिवाय काडी घरातल्या कुणाच्या हाती लागू देऊ नये. निकामी झालेली डबी माळ्यावर जाते. तिचा अडॅप्टर मात्र खाली राहतो आणि पुढच्या कोणत्याही यंत्राला लावून पाहिला जातो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा अडॅप्टर पिनेत बरोबर बसतो, म्हणून लावण्यापूर्वी दोन्हींवरचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे.