अजून पाच वर्षं आरामात

कोकणातल्या प्रत्येक आळीत एक अण्णा असतात आणि अण्णांच्या दारात एक मारुती ८०० असते. आमच्या रत्नागिरीतल्या अण्णांची गाडी २००१ सालची आहे, मूळ रंग पांढरा. ही काही कापड घालून झाकून ठेवलेली, रविवारी पुसायची हौसेची गाडी नव्हे. ती रोज राबते. सकाळी मिरकरवाड्याला मासळी आणायला, अकराला बँकेत, संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत हवा खायला. आणि या गाडीबद्दल अण्णांचा रोजचा प्रश्नही एकच असतो : “काय वाटतं, हिला करून घेऊ की काढून टाकू?”

हा प्रश्न ते दूधवाल्याला विचारतात, पोस्टमनला विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेल्या अनोळखी माणसालाही विचारतात. उत्तराची त्यांना फारशी गरज नसते. समोरचा “काढून टाका” म्हणाला तर त्याला गाड्यांतलं काही कळत नाही, आणि “करून घ्या” म्हणाला तर पैशांतलं काही कळत नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं आहे.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गळतीपुढे ‘किरकोळ’ असा शेरा मारायची सवय हाताला तिथेच लागली. गाडीखालचा ऑइलचा डाग किरकोळ, दाराखालचा पापुद्रा किरकोळ, पावसात ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर पडणारा थेंबही किरकोळच. शर्टाच्या खिशात पेन आणि चश्म्याबरोबर एक लोहचुंबक असतं. गणपतीपुळ्याच्या समुद्राचं चित्र असलेलं, फ्रिजवर लावायचं. कुणाची जुनी गाडी दिसली की अण्णा ते बाहेर काढतात आणि मडगार्डवरून, दारावरून फिरवतात. जिथे चुंबक धरत नाही, घसरतं, तिथे पत्रा खाऊन गेलेला असतो आणि वर लांबीचा जाड थर देऊन रंग मारलेला असतो. हे ते गाडीच्या मालकाला भर रस्त्यात, चार माणसांत समजावून सांगतात. स्वतःच्या गाडीला त्यांनी ते चुंबक लावल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

“ओरिजिनल पत्रा आहे,” हे त्यांचं ब्रीदवाक्य. “आत्ताच्या गाड्या अंगठ्याने दाबा, आत जातात. तेव्हाचं लोखंडच वेगळं.” १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हातात दिली, तेव्हा अँबॅसिडर आणि फियाट बाळगणारी मंडळी याच गाडीला काड्यापेटी म्हणून हसत होती. साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी, तिला कसला पत्रा! आज तीच काड्यापेटी लोखंडाच्या सुवर्णयुगाची साक्षीदार झाली आहे. आणखी वीस वर्षांनी आजच्या गाड्यांबद्दलही कुणीतरी अण्णा हेच बोलतील.

आता गंजाविषयी. लोखंड, पाणी आणि हवा एवढं असलं की गंज चढतो. मीठ असलं की त्याला घाई होते. रत्नागिरीत मीठ वाऱ्यातच असतं आणि पाऊस तर जूनपासून ठाण मांडून बसतो. अण्णांनी यात स्वतःची भर घातली ती मासळीची. बर्फातली सुरमई डिकीत ठेवायची, ते खारं पाणी मॅटखाली झिरपायचं, मॅट कधी उचलायची नाही. गाडी उभी असते ती आवारातल्या एकुलत्या एका सावलीच्या जागेत, आंब्याखाली. मोहोर आणि पानं काचेच्या बुडाशी साचतात, दारांच्या तळाला पाणी निघायला ठेवलेली बारीक भोकं कचऱ्याने बुजतात, आणि दार आतल्या आत पाणी धरून ठेवतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. अण्णांना फोड दाखवला की ते बोट फिरवतात, लाल झालेलं बोट आपल्याला दाखवतात आणि म्हणतात, “जांभ्याची धूळ.” कोकणात ही पळवाट पक्की आहे, कारण दोन्हींचा रंग एकच.

एकदा मी मागच्या सीटवर बसलो असताना पायाखालची मॅट सरकली. खाली साळवी स्टॉपचा रस्ता दिसला. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टेही ओळखू आले. मी सांगितल्यावर अण्णा आरशातून म्हणाले, “पाणी जायला जागा हवीच. कंपनीच भोकं देते.” कंपनी भोकं देते हे खरं. पण ती गोल असतात आणि त्यांना रबरी बूच असतं.

काकूंच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. त्यामुळे लग्नाला, बारशाला, कुठेही गेलं की अण्णा उतरतात, वळसा घालून येतात आणि काकूंसाठी दार उघडून धरतात. काकूंच्या माहेरी जावयाच्या या रीतभातीचं अजून कौतुक होतं. काकूंनी खरं कारण सांगितलेलं नाही. “तेवढंच त्यांच्याकडून होतंय,” असं त्यांचं मत आहे.

हिशेबाच्या बाबतीत मात्र अण्णांना सहज हरवता येत नाही. त्यांच्याकडे वही आहे. “नव्या गाडीचा दोन महिन्यांचा हप्ता, तेवढ्यात हिचं वर्ष निघतं,” हे ते वहीतून दाखवतात, आणि ते खरं आहे. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी. पूर्ण विमा घेतला तरी गंजाचे पैसे मिळत नाहीत, कारण झीज त्यात धरतच नाहीत. ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीलाही होतं, त्यामुळे सामान मिळतं आणि ते खोलता येणारा मिस्त्रीही कुठेही भेटतो. ८०० बंद झाली २०१४ च्या जानेवारीत, पण तिची क्लच केबल अजून तालुक्याच्या दुकानात टांगलेली असते. वहीत फक्त एकच गोष्ट नसते. गाडी गॅरेजला असते त्या दिवसांचं रिक्षाभाडं काकू आपल्या पर्समधून देतात, आणि त्या पर्सला वही नाही.

वहीतला सगळा खर्च एका वाक्याने वाढत गेला : “आता एवढं केलंच आहे तर...” सायलेन्सर बदलला, आता एवढं केलंच आहे तर शॉकअप. शॉकअप झाले, आता एवढं केलंच आहे तर टायर. सगळ्यात अलीकडची भर म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. ती सरकारने लावायलाच लावली, ७४५ रुपये अधिक जीएसटी. बसवणाऱ्या पोराला मागे लॉक ठोकायला धड जागा मिळेना. शेवटी बसली. आज त्या गाडीवर चकचकीत अशी ती एकच वस्तू आहे, आणि कायद्याने ती काढता येत नाही.

पुण्याचा मुलगा फोनवर “बाबा, देऊन टाका” म्हणतो. “याच गाडीवर शिकलास,” एवढं बोलून अण्णा विषय संपवतात. पावसहून एक माणूस खरेदीला आला होता. ड्रायव्हिंग शिकवायला हवी होती म्हणे. भाव बरा बोलला. अण्णांनी त्याला चहा दिला, नोकरी विचारली, गाव विचारलं, क्लच कसा दाबतोस ते बसल्या जागी करून दाखवायला लावलं आणि परत पाठवलं. “गाडी हातात देण्यासारखा माणूस नाही,” म्हणाले. मुलीसाठी आलेल्या स्थळांना त्यांनी एवढं तपासलं नव्हतं, असं काकू म्हणतात.

शेवटी निर्णयाची वेळ आणली ती आरटीओने. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२१ ला अण्णांनी हे केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर आणखी वेगळा. २०२६ उजाडलं आणि पासिंग दारात आलं. दहा हजार भरायचे तर गाडी पास व्हायला हवी, म्हणून अण्णा मला साक्षीदार घेऊन मिरजोळे एमआयडीसीकडच्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीने रनिंग बोर्डाखाली जॅक लावला आणि हँडल मारायला सुरुवात केली. कर्र असा आवाज झाला. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, “अण्णा, जॅक वर गेला.”

“मग?”

“गाडी खालीच आहे.”

जॅक रनिंग बोर्डातून थेट आत शिरला होता. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि फ्लोअरवर टोचत गेला. चांगल्या पत्र्यावर टक् असा आवाज येतो. इथे बराच वेळ आवाजच नव्हता, नुसता लाल भुसा पडत होता. अण्णांनी सवयीने खिशातलं चुंबक काढलं, मग काय सुचलं कोण जाणे, ते मिस्त्रीच्याच हातात दिलं. मिस्त्रीने मागच्या मडगार्डला लावलं. गणपतीपुळ्याचा समुद्र घसरला आणि जमिनीवर पडला. ओरिजिनल पत्र्यावर लांबी होती. आधीच्या मालकाची असणार, असं आम्ही तिघांनीही लगेच मान्य केलं. अण्णांनी गाडी नवीनच घेतली होती, हे कुणी काढलं नाही.

बॉनेट उघडून मिस्त्रीने शॉकअपचे टॉवर ठोकले. टक्, टक्. “हे चांगले आहेत,” तो म्हणाला, आणि पुढे जे बोलला ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने लिहून ठेवावं. “जीपला खाली वेगळी चेसिस असते, वरचा पत्रा गेला तरी चालतं. हिला वेगळी चेसिसच नाही. बॉडी तीच चेसिस. रनिंग बोर्ड, फ्लोअर, टॉवर हे उभे तर गाडी उभी. इंजिन मी कधीही बांधून देतो. टॉवर गेले असते तर मी हातच लावला नसता. आता खराब आहे ते चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवीन तुकडा वेल्ड करायचा. गंजावर नुसती पट्टी मारली तर ती पुढच्या पावसाळ्यात सुटते. आणि वेल्डिंगने मागच्या बाजूचा रंग जळतो, तिथे आतून प्रायमर आणि मेण गेलं पाहिजे. नाहीतर नवीन पत्रा पण तिथूनच सडायला लागतो.”

एवढ्या भाषणातून अण्णांनी नेमकं एक वाक्य उचललं, डॉक्टरकडून निघालेला पेशंट उचलतो तसं. “टॉवर चांगले आहेत ना? मग आधी रंग मारून घेऊ. दिसायला बरी दिसली की इन्स्पेक्टर जास्त बघत नाही.”

“अण्णा, रंग काय, ताडपत्रीला पण बसतो.”

या वाक्यापुढे पाटबंधारे खातं निरुत्तर झालं. दोन्ही रनिंग बोर्ड झाले, फ्लोअर झाला, काकूंचं दार आतून उघडायला लागलं. रंगाला मिस्त्रीने हात लावला नाही. गाडीच्या अंगावर आता राखाडी प्रायमरचे पट्टे आहेत. इन्स्पेक्टरने वाकून खाली पाहिलं, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि पास केली. नोंदणी आता २०३१ पर्यंत आहे. काकूंसाठी कुणी दार उघडून धरत नाही. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण आतून उघडणारं दार हा घरात निव्वळ फायदा मानला गेलेला नाही.

अण्णांचा तो जुना प्रश्न निकालात निघाला आणि चार दिवस ते अगदी सैरभैर होते. दूधवाल्याशी बोलायचे ते हवेवर. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला गेटपाशी गाठलं. “अजून पाच वर्षं आरामात. आता एवढं केलंच आहे तर रंग कुठला द्यावा? पांढरा की सिल्व्हर?”

खरं सांगायचं तर अण्णांसारख्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. ते एवढी वर्षं लांबतं, कारण उत्तर मिळालं की बोलणं संपतं. तुमच्या दारात अशी राबती गाडी असेल तर मेअखेरीस ती उचलून घ्या, मॅट काढा आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचा. टॉवर आणि तळ शाबूत असतील किंवा थोडक्यात होण्यासारखे असतील, तर पैसे खालच्या पत्र्यावर घाला. रंग सगळ्यात शेवटी, नाही दिला तरी चालेल. रोजच्या गाडीला देखणं असण्याची सक्ती नाही, भक्कम असण्याची आहे. टॉवर गेले असतील तर हळहळ न करता नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या म्हणजे नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, आणि आरटीओतली नोंदणी आठवणीने रद्द करा. नाहीतर मोडलेली गाडीही कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते. आणि हे सगळं ठरवताना शेजाऱ्याचा सल्ला अजिबात घेऊ नका. मी अण्णांना कायम “काढून टाका” असंच सांगत आलो, कारण माझी गाडी उन्हात उभी असते.