हे वरवरचं झालं!

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर कुणी विज्ञानकथेचं नाव काढलं रे काढलं, की अण्णा चपला काढून मांडी ठोकतात. आता तास-दीड तास सुटका नाही. सांगणारा गोष्टीच्या शेवटाला पोचायच्या आत त्यांचा हात वर जातो : "हे वरवरचं झालं. आत काय हाय?"

प्रत्येक गोष्टीत रूपक हुडकणारी ही जात आपल्या ओळखीची आहे. गॉडझिला म्हणजे अणुबॉम्ब, हे १९५४ च्या त्या जपानी सिनेमाबद्दल जगानं मान्य केलं आणि तेव्हापासून यांना रान मोकळं झालं.

जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेवर एकदा इंजिनिअरिंगचा एक पोरगा बोलत होता. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे तो आइन्स्टाइनपासून नीट सांगत होता. अण्णांनी हात वर केला. "वरवरचं झालं. काळ कुठं मंदावतो ठावं हाय? सातबाऱ्याच्या रांगेत हुबा ऱ्हा, कळंल."

२०२० च्या टाळेबंदीत अण्णांनी नारळीकरांच्याच 'व्हायरस' कादंबरीला भविष्यवाणी ठरवलं. "अण्णा, त्यातला व्हायरस संगणकाला होतो," पोरगा फोनवरून काकुळतीला आला. "मग? म्हणून तर रूपक म्हणायचं!"

अण्णांचा हुकमी एक्का मात्र १९७४ सालचा. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. ज. वि. ना. उलटे केले की ना. वि. ज. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. "ज्यानं नावच उलटं लिवलं, त्यो गोष्ट सरळ लिवंल व्हय? आणि जन्म कोल्हापूरचा!" कोल्हापूरकर तोंडावर बोलतो, ही गावाची ख्याती इथं अण्णांच्या आड येते. ती ते सोयीनं विसरतात.

नारळीकरांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व'. त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नगरं कुठली? वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे. कोल्हापूर नाही! हा घाव अण्णांनी आठवडाभर सोसला आणि मग अर्थ लावला : "चार नावं वरवरची. न सांगितलेलं पाचवं, तेच खरं."

विज्ञान लोकांपर्यंत पोचावं म्हणून नारळीकरांनी कथा लिहिल्या आणि तसं ते सांगतही आले. अण्णांना त्या कथांत सातबारा दिसतो, दत्तकविधान दिसतं, पेठेतली भांडणं दिसतात. दिसत नाही ते फक्त विज्ञान.

तरी एक कबूल करायला हवं. 'प्रेषित' म्हणजे परग्रहावरून आलेलं आणि इथल्या माणसांनी वाढवलेलं मूल. त्यावर अण्णा म्हणाले, "परक्या घरातनं आलेलं पोर आपलं कसं हुतं, ते कोल्हापूरला इचारा." १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंत दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. कट्टा गप्प झाला. शंभरातलं एखादं असं बरोबर लागतं, हीच तर पंचाईत!

दुसरी पंचाईत म्हणजे अण्णांना खोटं पाडायचं तर मूळ पुस्तक वाचावं लागतं. त्या ईर्ष्येपायी तीन पोरांनी करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी भरली. वाचनसंस्कृतीवरच्या कुठल्या भाषणानं हे साधलं नसतं.

२० मे २०२५ ला नारळीकर गेल्याची बातमी आली. संध्याकाळी कट्ट्यावर इंजिनिअर पोरानं 'कृष्णविवर' आणली होती. त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. अण्णांचा हात वर गेला नाही. पोरगाच न राहवून म्हणाला, "अण्णा, आत काय हाय?"

"काय न्हाई रं. चांगली गोष्ट हाय."

मग सगळे मिसळ खायला गेले. एरवी वरवरचा कट दोनदा मागून घेणारे अण्णा त्या दिवशी पाव तसेच ठेवून उठले. बिल मात्र त्यांनीच दिलं.