हातचा

कंपायलरला योग्य ते फ्लॅग देऊन प्रोग्राम पळवण्याच्या विद्येत मी किती पारंगत आहे, हे शेजारच्या टेबलांवरील सहकाऱ्यांना, त्यांनी कधीही विचारले नसताना, मी वर्षानुवर्षे समजावून सांगत आलो आहे. जीसीसी या कंपायलरला ‘ओ-टू’ म्हटले की शहाण्या माणसाचे समाधान व्हावे; परंतु तीन हा आकडा दोनाहून मोठा असल्यामुळे मी ‘ओ-थ्री’च लिहीत असे, आणि त्यापायी फुगलेला प्रोग्राम कॅशमध्ये न मावून कधीकधी अधिकच रेंगाळतो, या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करण्याइतका माझा आत्मविश्वास दांडगा होता.

एकदा तर दहा कोटी फेऱ्यांचा माझा लूप शून्य सेकंदांत आटोपला. मी सर्वांना चहा पाजला. मागाहून उमगले की, त्या श्रमाचे फलित मी पुढे कोठेच वापरले नव्हते. सबब कंपायलरने ते सारे काम निरर्थक ठरवून मुळातच खारीज केले होते. माझ्या कर्तृत्वावर इतका निःपक्षपाती शेरा आजवर कोणत्याही वरिष्ठाने मारलेला नाही.

एवढ्याने शहाणा व्हायचे, तो मी ‘फास्ट-मॅथ’ या फ्लॅगच्या नादी लागलो. येथे वडिलांविषयी सांगणे भाग आहे. ते तालुक्याच्या खजिन्यात कारकून होते. जमाखर्चात सात पैशांची तफावत निघाली की ताट निवून जाई, पण ते कागदांवरून उठत नसत. ‘पदरचे सात पैसे भरा आणि जेवायला या,’ असे आई एकदा वैतागून म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, पैसे भरता येतील, चूक कशी भरून निघेल?’

१९६५ साली विल्यम कहान यांनी बेरजेची जी रीत प्रसिद्ध केली, ती मला वडिलांचीच वाटते: मोठ्या रकमेत बारीक रक्कम मिळवताना जी कसर गळून पडते, ती हातचा म्हणून निराळी जपायची आणि पुढल्या रकमेत वळती करायची. ‘फास्ट-मॅथ’ला मात्र शाळेतले बीजगणित पाठ, जे मिळवले तेच वजा केले म्हणजे बाकी शून्य, अशा तर्काने तो हातचाच पुसून टाकतो.

माझी बेरीज चपळाईने झाली, आणि चुकली, अगदी थोडीशीच. त्या थोडक्या आकड्यांकडे पाहताना ते निवलेले ताट डोळ्यांपुढे आले, आणि मी मुकाट्याने फ्लॅग काढून टाकला.

आता बेरजेला अंमळ अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांना ‘ओ-टू’चे श्रेष्ठत्व समजावून सांगता येते, हा लाभ वेगळाच.