सोमवारचे पाहुणे

मराठी पाहुण्यांचा दिल्लीतला शेवटचा दिवस सोमवारच असतो. गुरुवारी आग्रा, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे सगळ्यांना पाठ असतं. शुक्रवारी पाय चेपणं. शनिवार-रविवार दिल्ली, आणि सोमवारी दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस. दोन महिने आधी काढलेल्या या तिकिटाचं त्यांना इतकं कौतुक असतं, की सोमवारी निम्मी दिल्ली कुलूपबंद असते हे सांगायला जीभ रेटत नाही. लाल किल्ला बंद, लोटस टेंपल बंद, नॅशनल म्युझियम बंद, करोलबाग आणि सरोजिनी नगरचा बाजारही बंद. उघडं काय, तर आमचं घर.

ते मयूर विहार फेज वनमध्ये, यमुनेच्या अलीकडे. मूळ दिल्लीकर या भागाला जमनापार म्हणतात आणि म्हणताना त्यांचं नाक थोडं वर जातं. पाहुण्यांना त्याचं काही नसतं. हॉटेलचं भाडं वाचतं म्हटल्यावर नदीच्या कोणत्याही काठावर मराठी माणूस सुखाने राहतो.

पाहुणे म्हणजे काका आणि काकू. कुणाचे, ते विचारू नका. तुमच्याकडेही हेच येऊन गेलेले आहेत. काका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. खिशात विम्यावाल्याने दिलेली डायरी, तिच्यात प्रेक्षणीय स्थळांची यादी आणि प्रत्येक नावापुढे एक चौकट. ठिकाण बघितलं की चौकटीत बरोबरची खूण. खूण झाली की काकांचा त्या वास्तूशी संबंध संपतो. हुमायूनची कबर त्यांनी बूट न काढता, पाणी न पिता उरकली. काकूंचं याच्या उलट. जे बघायला तिथे गेलो ते सोडून त्या बाकी सगळं बघतात. हुमायूनच्या बागेत त्या माळ्याकडून खताची माहिती घेत बसल्या. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत हे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला: दिवाळीच्या साफसफाईला हे लोक कधीपासून लागत असतील?

कुतुबमिनारपाशी मात्र काका हळवे झाले. त्यांचे थोरले बंधू सत्तरच्या दशकात मिनार चढून वर गेले होते आणि पुढची सगळी लग्नकार्यं त्यांनी त्या एका जिन्यावर गाजवली. १९८१ च्या डिसेंबरात जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि तो बंद झाला. ठीक, म्हणून काका लोहस्तंभाकडे वळले. त्याला पाठ टेकून मागून हातात हात गुंफता आले की इच्छा पुरी होते, असं थोरल्यांनीच सांगितलेलं. तर १९९७ पासून स्तंभाला कुंपण. थोरल्या भावाने आयुष्यभर आपल्या वाट्याचंही खाऊन टाकलं, ही जुनी भावना तिथे पुन्हा उफाळून आली. यादीतली खूणही जरा जोरात ओढली गेली.

लाल किल्ल्यात याची भरपाई झाली. दिवाण-ए-खासमध्ये सगळे पर्यटक समोर बघतात; मराठी गृहस्थ छताकडे बघतो. इथली चांदी १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उतरवून, वितळवून सैन्याचे पगार भागवले. काका मान वर करून अभिमानाने म्हणाले, "हे आपलं काम." काकू म्हणाल्या, "हळू बोला. वसुलीला येतील."

आता सोमवार. यादीत उरलेलं एकच नाव, अक्षरधाम. २००५ साली उघडलेलं हे मंदिर मयूर विहार वनपासून मेट्रोने एक स्टेशन. म्हणजे इतकं जवळ, की पहिल्या दिवसापासून "ते काय, जाता जाता करू" असं ठरलेलं. ते सोमवारी बंद असतं हे मी आल्या आल्याच सांगितलं होतं. त्यावर काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "देऊळ कसं बंद असेल? देवाला कसली साप्ताहिक सुट्टी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, देवस्थानाच्या संकेतस्थळाकडे होतं. ते वाचून झाल्यावर घरात सुतकी शांतता पसरली. काका पहाटेच आंघोळ करून, बूट घालून सोफ्यावर बसलेले. गाडी दुपारची. मधल्या वेळाचं करायचं काय?

"तालकटोरा," काका अचानक म्हणाले. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आले, तेव्हा त्या भागात मोगलांशी लढाई झाली. यादीत हे नाव नव्हतं. काकांनी ते खाली लिहिलं, पुढे चौकट काढली आणि चेहऱ्यावर रक्त आलं.

आर. के. आश्रमपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने शंभर सांगितले, काकूंनी चाळीसपासून सुरुवात केली आणि "भैया, उधर से वळो, फिर सीधा सरळ जाव" असा रस्ताही दाखवला, जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो माणूस मुकाट वळला. तालकटोरा स्टेडियमच्या दारात काकांनी रखवालदाराला गाठलं. "इधर बाजीराव आए थे." रखवालदाराने वही उघडून पाहिली. "आज तो कोई नहीं आया, सर."

काकूंना वेगळंच आठवलं. फेब्रुवारी २०२५ चं साहित्य संमेलन याच स्टेडियममध्ये झालं, अध्यक्ष तारा भवाळकर. ते सगळं त्यांनी घरी भाजी निवडता निवडता टीव्हीवर पाहिलं होतं. "टीव्हीवर मोठं वाटलं होतं," एवढाच अभिप्राय. मग कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात कांदेपोहे. इतकी वाट तुडवून येऊन पोहे खायचे आणि "आपल्यासारखे नाहीत" म्हणायचं, हा मराठी पर्यटनाचा मुख्य विधी आहे. तोही यथासांग झाला.

बाराखंबाहून परतताना वैशालीची गाडी सोडून नोएडाची धरली. पुलावर काकूंनी बंद काचेतून यमुनेला नमस्कार केला. त्या दर फेरीला करत होत्या. नाणं टाकायला खिडकी उघडत नाही याची चुटपुटही दर फेरीला. मग अक्षरधाम स्टेशन आलं. दार उघडलं. समोर गुलाबी दगडाचं मंदिर, उन्हात झळाळणारे घुमट. काका उठले, बसले, डायरी काढली आणि नुसती हातात धरली. बँकेतल्या माणसाला खोटी नोंद करता येत नाही.

काकूंनीच निकाल दिला. "वारीत गर्दीमुळे आत जाता आलं नाही, तर कळसाला हात जोडून माघारी फिरतातच की. पोचते ती वारी. करा खूण." काकांनी हात जोडले, दार लागलं, खूण झाली. मात्र पुढे बारीक अक्षरात त्यांनी 'कळस' असं लिहिलं. हिशेब हिशेबाच्या जागी.

घरी येऊन बॅगा. येताना त्यांत भाजणी, गोडा मसाला आणि कोकम होतं. जाताना गजक, रेवडी, आग्र्याचा पेठा आणि जावयासाठी घेतलेली एक शाल, जी जावई कधीच वापरणार नाही. मी डब्यात धपाटे दिले. निजामुद्दीनही मेट्रोने एकच स्टेशन, दुसऱ्या दिशेला. तरीही आम्ही घरातून दोन तास आधी निघालो आणि फलाटावर पोचलो तेव्हा गाडीच काय, हमालही आलेला नव्हता.

तुम्हीही या. घर उघडं आहे, बिछाने आहेत, मेट्रो कार्ड आम्ही देऊ. फक्त परतीचं तिकीट मंगळवारचं काढा, आणि येताना गोडा मसाला अर्धा किलोपेक्षा कमी आणू नका.