वीस आकड्यांची बदली

चांगलं चाललेलं यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. उरणला करंजा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, असंच उत्तम चाललं होतं. १ जूनला मासेमारी बंद झाली की पावसाळ्याची सेटिंग, १ ऑगस्टला होड्या सुटायच्या आधी हंगामाची. दर वेळी ऑपरेटर काका चष्मा कपाळावरून नाकावर आणत, तेलकट वहीत बघत, वीस आकडे पॅनेलवर भरायचे. मी म्हटलं, "काका, ठेवा ती वही. आकडे मेमरीत बसवतो, स्विच फिरवला की एका ओळीत सगळे कॉपी!"

मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीत यासाठी 'बीमोव्ह' असतं. डी १०० पासूनचे वीस रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायची घरं, ते डी २०० पासून ओळीने तसेच्या तसे मांडतं. त्याचाच भाऊ 'एफमोव्ह' मात्र पहिला आकडा उचलून वीसही घरांत तोच भरतो, म्हणजे मिसळणाच्या डब्यात सगळ्या वाट्यांत हळद. मी कोणता भाऊ बोलावला, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पहिला आकडा होता ९०, बर्फाच्या डब्यात पाणी सोडायचे सेकंद. स्विच फिरवला आणि लादी उचलणारी क्रेन हलली की सायरन ९० सेकंद बोंबलू लागला, कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आधी ९० मिनिटांच्या रजेवर गेला, आणि काका पॅनेलवर एकेक आकडा दुरुस्त करू लागले तर बोट उचलायच्या आत तिथे पुन्हा ९०, कारण सूचनेपुढे 'पी' लावायचा राहिल्याने ती एकदाच चालून न थांबता दर स्कॅनला, म्हणजे काही मिलिसेकंदांनी, नव्या उत्साहाने कॉपी करत होती. धक्क्यावर बर्फासाठी रांग. एक तांडेल आत डोकावला, "सायेब, बरफ कवा मिलंल?"

मग मी आपल्या देशाचा राष्ट्रीय उपाय केला. बंद करून चालू.

या पीएलसीत डी २०० पासूनचे रजिस्टर वीज गेली तरी आकडे सांभाळतात. त्याआधीचे सगळं विसरतात. आणि मूळ आकडे मी, क्रमांक लक्षात ठेवायला सोपा म्हणून, डी १०० पासून ठेवले होते. वीज आली तेव्हा तिथे शून्य, स्विच अजून चालूच, त्यामुळे एफमोव्हने ते शून्य इमानेइतबारे वीसही ठिकाणी पोचवलं. सायरन गप्प झाला, एवढीच काय ती प्रगती.

काकांनी एक शब्द न बोलता ड्रॉवर उघडून वही काढली. मी स्विच बंद करून बाजूला उभा राहिलो, आणि त्यांनी चष्मा खाली घेऊन वीस आकडे भरले. कारखाना चालू.

हल्ली तिथे गेलो तर चहा आग्रहाने मिळतो. लॅपटॉप मात्र गेटवरच ठेवून घेतात.